उंबऱ्यात उभं राहून साडी बघा

पत्र

ताई, मी उदगीरला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वय ३८, रंग सावळा. कपाटात चाळीसेक साड्या आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आहेराच्या. दहा-बारा कुर्ते वेगळेच. तरी रोज सकाळी कपाटापुढं उभी राहते आणि फिरून फिरून त्याच तीन साड्यांना हात जातो. वांगी रंगाची नारायणपेठ, बाटलीहिरवी सुती आणि आईनं दिलेली शाईनिळी इरकल. या तिन्हींत सगळे म्हणतात, आज छान दिसताय. अबोली किंवा पिस्ता नेसले की हमखास कुणीतरी विचारतं, बरं नाही का?

पुण्याच्या मावसबहिणीनं पैसे भरून स्वतःचं कलर ॲनालिसिस करून घेतलं, म्हणजे आपल्या चेहऱ्याला कोणते रंग शोभतात, आपला ‘सीझन’ कोणता, ते ठरवून घेतलं. ते पाहून मीही फोनवर फोटो टाकला. एकदा ‘डीप ऑटम’ आलं, दुसऱ्या दिवशी ‘डीप विंटर’. कॅप्सूल वॉर्डरोबच्या व्हिडिओंत सांगतात की तीस-पस्तीस कपडे ठेवा, बाकीचे काढून टाका. त्यांच्याकडचे सगळे कपडे बेज आणि पांढरे. सासूबाई म्हणतात, एवढ्या साड्या असताना नवीन कशाला? दिवाळीपर्यंत मी आठ हजार बाजूला काढू शकते. लहानपणापासून ऐकत आले की सावळ्या मुलीनं गडद नेसू नये. मग माझा सीझन कोणता, आणि त्यावर कपाट कसं बसवायचं?

उत्तर

तुमचं गडद रंगाचं वाक्य आधी घेते, कारण ते मनात असेपर्यंत आरसा खरं सांगणार नाही.

माझ्या वडिलांचं परभणीत कापडाचं दुकान होतं. शाळा सुटली की मी गल्ल्याशेजारी बसायची. लग्नाच्या सराईत आया यायच्या, पोरीला पुढं करायच्या आणि पोरीच्या देखत म्हणायच्या, “रंगानं सावळी आहे, फिक्यातलं दाखवा.” वडील फिकी गुलाबी काढायचे, आणि त्यांना न विचारता एक डाळिंबी किंवा जांभळीही काढायचे. मग दोन्ही साड्या पोरीच्या दोन खांद्यांवर टाकून तिला दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत न्यायचे. आत ट्यूबलाइट, बाहेर दिवसाचा उजेड. तिथं आई गप्प व्हायची. फिकी गुलाबी अंगावर पांढुरकी, राख फासल्यासारखी दिसायची आणि डाळिंबीत पोरीचे डोळे चमकायचे. सावळ्या विठ्ठलाला आपण पिवळाधमक पीतांबर नेसवतो, कपाळी बुक्का लावतो, गळ्यात हिरवीगार तुळस घालतो. त्याला फिक्यातलं दाखवा असं कुणी म्हणत नाही. फिक्या रंगानं माणूस गोरं दिसतं, ही समजूत चुकीची आहे. सावळ्या कातडीवर बराच फिका रंग चेहऱ्यापेक्षा उजळ पडतो आणि चेहरा त्याच्यापुढं मंद होतो. तुमच्या सहकाऱ्यांना दिसतो तो आजारपणा हाच.

म्हणून रंग तपासताना ‘मी गोरी दिसते का’ हा प्रश्न बाजूला ठेवा. चेहरा ताजा दिसतो का, एवढंच विचारा.

आता सीझन. या नावांचा आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्याशी काही संबंध नाही. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवलेले स्विस चित्रकार योहान्नेस इटेन यांच्या लक्षात आलं होतं की विद्यार्थी स्वतःहून जे रंग निवडतात त्यांचं त्यांच्या केसांशी, कातडीशी काहीतरी नातं असतं. तिथून पुढं ही कल्पना वाढत गेली आणि १९८० साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या पुस्तकानं चार सीझन घराघरांत नेले. स्प्रिंग म्हणजे ऊबदार आणि तजेलदार रंग, समर म्हणजे थंड आणि मंद, ऑटम म्हणजे ऊबदार आणि मातकट, विंटर म्हणजे थंड, गडद आणि चोख. नंतर त्या चारांचे बारा झाले. ही नावं थंड मुलुखातल्या ऋतूंवरून आली. तिकडं शरदात पानं गंजकी होतात, म्हणून गंजका रंग ऑटमचा. आपल्याकडं फाल्गुन-चैत्रात पळस पेटतो आणि वैशाखात गुलमोहर, त्यामुळं ‘समर’ म्हटल्यावर फिकट राखाडी-निळा आपल्या डोळ्यांपुढं येणं शक्यच नाही. शिवाय सुरुवातीच्या त्या मांडणीत काळ्या-सावळ्या लोकांना जवळपास सरसकट विंटरमध्ये टाकलं होतं. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या, तांबूस-सावळ्या, काळ्याभोर अशा सगळ्यांना एकच खण पुरेल कसा?

नावं सोडून द्या आणि त्यामागचे तीन प्रश्न ठेवा. रंगाची झाक पिवळसर हवी की निळसर? रंग गडद हवा की फिका? आणि चोख हवा की थोडा मळवलेला? कुणाच्या चेहऱ्याला झाक महत्त्वाची असते, कुणाला गडदपणा, कुणाला चोखपणा. तुमच्या फोननं दोनदा वेगळं उत्तर दिलं असं तुम्हाला वाटतंय, पण दोन्ही उत्तरांत ‘डीप’ म्हणजे गडद आहे. बारा सीझनांच्या चक्रात हे दोघे सख्खे शेजारी. फरक फक्त झाकेचा, आणि झाकेच्या बाबतीत फोनवर विसंबू नये. कॅमेरा प्रत्येक फोटोत उजेडाचा रंग आपल्या अंदाजानं सुधारून घेतो. सकाळी खिडकीजवळ काढलेला फोटो आणि रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो यांत तुमची कातडी दोन वेगळ्या बायकांची दिसते.

आणि तुमच्या तीन साड्या बघा. वांगी, बाटलीहिरवी, शाईनिळी. तिन्ही गडद. अबोली आणि पिस्ता, दोन्ही फिके. म्हणजे तुमच्या चेहऱ्याचा मुख्य प्रश्न गडदपणाचा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या हातानं रोज सकाळी दिलेलंच आहे. झाकेचा निकाल घरी लागेल.

रविवारी सकाळी आठ-नऊच्या सुमाराला अंगणात किंवा दारात सावलीत बसा. थेट ऊन नको. भिंत हिरवी किंवा गुलाबी रंगवलेली असेल तर तिच्यापासून दूर बसा, कारण भिंतीचा रंग चेहऱ्यावर येतो. चेहरा नुसता धुतलेला, पावडरसुद्धा नको. केसांना मेंदी लावत असाल तर ते पांढऱ्या टॉवेलनं झाका, मेंदीचा तांबूसपणा सगळं गणित बिघडवतो. मग कपाटातल्या आणि शेजारणीच्या साड्या जोडीजोडीनं हनुवटीखाली धरा. जर्द केशरी आणि मग राणी. मेंदीहिरवा आणि मग बाटलीहिरवा. विटकरी आणि मग करवंदी. मोतिया आणि मग पांढराशुभ्र. प्रत्येक जोडीत एक पिवळसर झाकेचा आहे, दुसरा त्या मानानं निळसर. बघायचं ते डोळ्यांखालच्या काळेपणाकडं, ओठांच्या कडेकडं आणि गालावर वांग असेल तर त्याकडं. चुकीच्या रंगात या तिन्ही गोष्टी उठून दिसतात. योग्य रंगात त्या मागं सरतात आणि बघणाऱ्याची नजर आधी डोळ्यांवर जाते, साडीवर नंतर.

बघणारं माणूस मात्र दुसरं हवं. माझं ऐका, सासूबाईंना बसवा. ज्या बाईनं आयुष्यभर लग्नांच्या बस्त्यांत साड्या निवडल्या, तिच्या नजरेला ‘हा रंग चेहरा खातो’ हे एका क्षणात कळतं. आणि त्या निवडीत त्यांचा हात असेल तर पुढची खरेदी त्यांचीही होईल.

मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, हे बघायला सांगतात ते सोडून द्या. गव्हाळ-सावळ्या कातडीखालून बहुतेकींच्या शिरा हिरवटच दिसतात. सोनं शोभतं की चांदी, हाही प्रश्न आपल्याला नीट लागू पडत नाही, कारण सोनं बघण्याची आपल्या डोळ्यांना जन्माची सवय. उलट एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या गळ्यात मंगळसूत्र असेल तर काळे मणी आणि सोनं रोजच चेहऱ्याखाली असतं. ते तुमच्या रंगसंगतीचं पहिलं पान समजा. त्या दोघांशी जो रंग भांडतो तो रोजच्या वापराला घेऊ नका.

आता कपाट. कॅप्सूल ही कल्पना १९७० च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सुझी फॉ यांनी मांडली आणि १९८५ साली न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी एकमेकांत अदलाबदल होणाऱ्या सात कपड्यांचा संच बाजारात आणून ती गाजवली. दोघींपुढं ऑफिसात जाणारी बाई होती आणि तिचे कपडे म्हणजे स्कर्ट, पँट, जॅकेट. वरचं कुठलंही खालच्या कशाशीही चालावं, हे त्यामागचं सूत्र. ते सूत्र साडीला लावायचं तर अदलाबदल होणारी गोष्ट एकच, ब्लाउज. आणि आपण नेमकं तिथंच कपाट अडवून ठेवतो. प्रत्येक साडीतलाच ब्लाउजपीस कापून शिवायचा, तो त्या एकाच साडीवर चालणार. चाळीस साड्या, चाळीस ब्लाउज, त्यातले पंधरा आता अंगाला बसत नाहीत, म्हणून त्या पंधरा साड्याही पडून. कपाट भरलेलं असून नेसायला काही नाही, याचं कारण बहुतेक घरांत हे असतं.

म्हणून तुमच्या आठ हजारांतला मोठा भाग साड्यांवर घालू नका, ब्लाउजवर घाला. पाच ब्लाउज. एक शाईनिळा. एक वांगी किंवा करवंदी, झाकेचा निकाल लागेल त्याप्रमाणे. एक काळा, कारण तो तुमच्या मण्यांशी जुळतो आणि संक्रांतीलाही कामाला येतो. एक चोख उठावाचा, म्हणजे निळसर झाक निघाली तर राणी आणि पिवळसर निघाली तर गर्द हळदी किंवा विटकरी. पाचवा मोरपिशी, हा जवळपास दोन्हीकडं चालतो. कापड टू बाय टू सुती घ्या किंवा एखादा खणाचा घ्या. शिवायच्या आधी प्रत्येक कापड वेगळं भिजवून वाळवा. आटायचं ते आधीच आटेल आणि रंग सुटतो की नाही तेही कळेल. शिंप्याला बाजूच्या शिवणीत दोन्हीकडं चांगली माया, म्हणजे जादा कापड, सोडायला सांगा. कपडा पाच वर्षं टिकायचा असेल तर अंग बदलेल हे धरूनच शिवावं लागतं.

यातून एक मोठी सोय होते. साडीचा रंग चुकला तरी चेहऱ्याला लागून असतो तो ब्लाउज आणि डाव्या खांद्यावरचा पदर. निऱ्या तर चेहऱ्यापासून दोन हात लांब. तुमची पिस्ता साडी शाईनिळ्या ब्लाउजवर, त्यातही जरा उंच गळ्याच्या आणि कोपरापर्यंत बाहीच्या, नेसून बघा. तीच साडी तुम्हाला आजारी दाखवणार नाही. अबोलीला वांगी ब्लाउज लावून बघा. काठ गडद असेल तर काम आणखी सोपं. तुमच्या इरकलीचंच बघा ना, अंग शाईनिळं, पण जुन्या पद्धतीच्या इरकलीचा पदर लाल-पांढरा असतो. तुम्हाला ती शोभते त्यात त्या लालाचाही वाटा आहे. नवीन साडी घेताना म्हणूनच आधी काठ आणि पदर बघा, अंगाचा रंग मागाहून.

आपल्या हवेचाही हिशोब धरावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो आणि गडद कापड ऊन जास्त शोषतं. स्कूटीवरून भर दुपारी गडद निळ्या साडीत जाणं म्हणजे शिक्षा. त्या दोन-तीन महिन्यांत गडदपणा फक्त चेहऱ्याजवळ ठेवा. फिक्या अंगाची, गडद काठाची सुती नारायणपेठ किंवा मंगळगिरी आणि वर तुमचा गडद सुती ब्लाउज. खालच्या भागाला ऊन कमी लागतं, चेहऱ्याला रंग मिळतो. एका नवीन साडीला पैसे उरलेच तर अशीच घ्या.

पांढऱ्याचं सांगते. व्हिडिओतल्या त्या पांढऱ्या कपाटांमागं रोजचं मुबलक आणि मऊ पाणी असतं. आपल्याकडं कित्येक गावांत नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतो, मधल्या दिवसांत बोअरचं जड पाणी. त्यात पांढरं कापड चार धुण्यांत पिवळट-राखाडी होतं आणि त्याला नीळ, ब्लीच, पुन्हा पाणी लागतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस तुम्ही जवळून पाहिले असतील. जिथं पाणी असं मोजून वापरावं लागतं तिथं एका धुण्यात निघणारा, धूळ न दाखवणारा गडद-मध्यम रंग हाच शहाणपणाचा. पांढरा तुम्हाला शोभत असेल तर तो ओढणीत ठेवा, पायपिंगमध्ये ठेवा. आणि गडद सुती कपडे उलटे करून सावलीत वाळत घाला, आपलं ऊन निळ्याचा आणि काळ्याचा रंग फार लवकर ओढतं.

कुर्त्यांचं थोडक्यात. तिथं अदलाबदल होते ती सलवार आणि ओढणीची. तीन खालचे, म्हणजे काळा, शाईनिळा आणि एक मोतिया किंवा पांढरा. तीन ओढण्या तुमच्या शोभणाऱ्या रंगांतल्या. चांगले सहा कुर्ते निवडले तर वर्षभर पुरतात. फिके कुर्ते गडद ओढणीखाली सुखानं चालतील, ते टाकू नका.

टाकण्याविषयी त्या व्हिडिओंशी माझं अजिबात जमत नाही. आहेराच्या साड्या म्हणजे आपल्याकडचं चलन आहे, त्या एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरतात. ज्या कधीच नेसणार नाही, घडी मोडलेली नाही, त्या आठ-दहा वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पुढच्या आहेराला काढा. प्रत्येक साडीत ती कुणाकडून आली त्याची चिठ्ठी टाका, नाहीतर ज्यांची त्यांनाच परत जाते. मऊ झालेल्या सुती साड्यांची वाकळ शिवून घ्या. नायलॉनच्या, सिंथेटिकच्या ज्यांना हव्यात त्यांना हातात द्या. ज्या रंगानं चुकतात पण कापडानं चांगल्या आहेत त्यांना नवीन ब्लाउजसोबत एक संधी द्या आणि नेसून मगच ठरवा. अशी चाळणी केल्यावर रोजच्या वापराला बारा-चौदा साड्या उरतील असा माझा अंदाज आहे. पाच ब्लाउजांतले दोन-तीन जरी प्रत्येकीवर बसले, तरी पंचवीस ते चाळीस वेगळे पेहराव होतात.

लग्नातला शालू, आईची किंवा सासूबाईंची पैठणी, बाळंतपणातली साडी या मोजणीत धरूच नका. त्यांचा रंग चेहऱ्याला शोभतो की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे. पैठणीबाबत मात्र एक गंमत बघा. तिच्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल तर धूपछाव दिसते, वळाल तशी झाक बदलते. अशा साडीत निळसर-पिवळसर हा वाद आपोआप मिटतो, म्हणून ती पुष्कळ जणींना शोभते.

आणि नवरात्र. नऊ दिवसांच्या नऊ रंगांपायी दरवर्षी कपाटात दोन-तीन अशा साड्या येतात ज्या पुन्हा कधी बाहेर पडत नाहीत. त्या दिवसाचा रंग ओढणीत घाला, ब्लाउजमध्ये घाला, बांगड्यांत घाला, नाहीतर जावेची साडी एक दिवस मागून नेसा. तीही तुमची नेईल.

शेवटचं काम शिंप्याकडं. पाचही ब्लाउज शिवून होतील तेव्हा प्रत्येकाचं बोटभर कात्रण मागून घ्या आणि पाचही एका सेफ्टीपिनमध्ये ओवून पर्समध्ये ठेवा. दिवाळीच्या खरेदीला लातूरला जा, नांदेडला जा किंवा हैदराबादला, साडी आवडली की हा जुडगा तिच्या काठावर ठेवा. पाचांतलं एकही कात्रण त्या काठाशी बोलत नसेल तर साडी परत घडी घालायला द्या. बोलत असेल तर दुकानदाराला सांगा, जरा उंबऱ्यापर्यंत नेते, आणि सासूबाईंना सोबत घेऊन जा.